नागपूरच्या उन्हाळ्यात टिकणारे गॅनोडर्माचे वाण कसे घडवावे

विदर्भात अळिंबी पिकवणारे बहुतेक जण दिवाळीनंतर धिंगरीच्या (ऑयस्टर अळिंबीच्या) पिशव्या भरतात आणि होळीच्या आसपास शेड रिकामे करतात, कारण मार्च संपत आला की कूलर लावूनही धिंगरी धड येत नाही. औषधी अळिंब्यांमध्ये मात्र उष्णता मानवणारी एक जात आहे. चीनमध्ये लिंगझी आणि जपानमध्ये रेशी म्हणून ओळखली जाणारी गॅनोडर्मा २५ ते ३० अंश सेल्सिअसला उत्तम वाढते. त्यामुळे औषधी अळिंबीचे सुधारित वाण तयार करू इच्छिणाऱ्या नागपूरकराने सुरुवात गॅनोडर्मापासून करावी, असे माझे स्पष्ट मत आहे. वाचकाला धिंगरी पिकवता येते आणि प्रेशर कुकरमध्ये माध्यम निर्जंतुक करता येते, एवढे येथे गृहीत धरले आहे. अनुवंशशास्त्र येत असल्याचे गृहीत धरलेले नाही.

पहिली पायरी: कोणता गुण हवा ते ठरवणे

'सुधारित' हा शब्द फार सैल आहे. उत्पादन वाढले तरी वाण सुधारित, वाढीचा काळ घटला तरी सुधारित आणि औषधी घटक वाढले तरी सुधारितच म्हटले जाते. हे सगळे एकाच वेळी साधण्याच्या नादात नवशिक्याची दोन वर्षे सहज जातात आणि हाती काहीही लागत नाही. म्हणून वाढवायचा एक गुण आणि कोणत्याही परिस्थितीत घटू द्यायचा नाही असा दुसरा गुण, असे दोनच गुण नोंदवहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावेत. माझ्या वहीत लिहिले आहे: 'खोलीत ३४-३५ अंश असतानाही पिशवीतील वाढ थांबू नये, ट्रायटर्पिनॉइड मूळ वाणापेक्षा कमी होऊ नयेत.'

दुसरी अट कशासाठी, ते थोडक्यात सांगतो. गॅनोडर्माचे औषधी महत्त्व मुख्यतः दोन प्रकारच्या घटकांमुळे मानले जाते: बीटा-ग्लुकानसारखी बहुशर्करा आणि गॅनोडेरिक आम्लांसारखे ट्रायटर्पिनॉइड. भरघोस वाढणारा वाण या घटकांनीही समृद्ध असेलच असे नाही. गॅनोडेरिक आम्लांपैकी काही चवीला कडू असतात, त्यामुळे काढ्याचा कडूपणा हा ढोबळ इशारा मिळतो. पण तो इशाराच आहे, मोजमाप नव्हे.

दुसरी पायरी: जनक वाण मिळवणे

संकर दोन जनकांचा होतो आणि ते दोघे एकमेकांपासून जितके वेगळे, तितकी पुढच्या पिढीत निवडीला जागा अधिक. बटण अळिंबीचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. हॉलंडमध्ये गेर्डा फ्रित्शे यांनी १९८० च्या सुमारास 'हॉर्स्ट यू-१' हा संकरित वाण तयार केला. तो इतका यशस्वी झाला की पुढे जगभर लागवडीत आलेले असंख्य पांढरे वाण त्याचीच जवळची भावंडे निघाली आणि नव्या निवडीसाठी लागणारी विविधता आक्रसली. बाजारातून वेगवेगळ्या नावांचे दोन स्पॉन (अळिंबीचे बियाणे) आणून त्यांचा संकर करू पाहणाऱ्याची अशीच फसगत होऊ शकते, कारण नावे दोन असली तरी वाण एकच असण्याची शक्यता असते.

म्हणून एक जनक ओळख पटलेला, संस्थेच्या संग्रहातील असावा. हिमाचलातील सोलन येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेचे अळिंबी संशोधन संचालनालय आहे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह आहे. दोन्हीकडे रीतसर अर्ज करून वाणांविषयी चौकशी करता येते. नागपुरातल्या नागपुरात महाराजबागेजवळच्या कृषी महाविद्यालयातील वनस्पती रोगशास्त्राच्या प्राध्यापकांशी आधी बोलून घेतल्यास अर्ज कसा करावा, हेही कळते.

दुसरा जनक आपल्याच भागातील असावा, कारण उन्हाळा सोसण्याचा गुण येथेच सापडण्याची आशा अधिक. पाऊस स्थिरावला की जुन्या गुलमोहराच्या किंवा शिसवाच्या बुंध्याशी लाखेचा हात दिल्यासारखी चकचकीत, तांबूस-तपकिरी, कडेला पिवळसर पांढरी अशी छत्री उगवलेली दिसते. ती खाजगी आवारात असेल तर मालकाची आणि वनक्षेत्रात असेल तर वन विभागाची परवानगी घ्यावी; पेंच किंवा ताडोब्यातून तर काहीही उचलू नये. छत्री ताजी असतानाच तिची कड फोडून आतल्या न उघडलेल्या भागाचा तांदळाएवढा तुकडा निर्जंतुक चिमट्याने माध्यमावर ठेवला की उतिसंवर्धन तयार होते. ही छत्री जपून ठेवावी, कारण बीजाणूही तिच्यापासूनच घ्यायचे आहेत.

येथे एक अडचण आहे, तिच्याकडे दुर्लक्ष करू नये. दिसायला सारख्या असणाऱ्या गॅनोडर्माच्या अनेक प्रजाती आहेत. पूर्व आशियात लागवडीखाली असलेली आणि वर्षानुवर्षे 'ल्युसिडम' म्हणवली जाणारी अळिंबी युरोपातील ल्युसिडमहून वेगळी आहे, हे दाखवून शास्त्रज्ञांनी तिला २०१२ साली 'लिंगझी' असे स्वतंत्र प्रजातीनाम दिले. दोन भिन्न प्रजातींचा साधा संकर जमत नाही. त्यामुळे शोधलेल्या वाणाच्या डीएनएतील आयटीएस हा प्रजाती ओळखायला वापरला जाणारा भाग एकदा तपासून घ्यावा. पैसे जातात, पण एखादा हंगाम वाया जाण्यापेक्षा ते स्वस्त पडते.

दोन्ही जनक एकाच प्रजातीचे ठरल्यावर घरच्या घरी करण्याजोगी आणखी एक परीक्षा आहे. दोन्हींचे तुकडे एकाच प्लेटमध्ये समोरासमोर वाढवावेत. कवकजाले (बुरशीच्या धाग्यांची जाळी) एकमेकांत विनाखूण मिसळून गेली, तर ते बहुधा एकच वाण आहेत; मध्ये स्पष्ट रेघ किंवा उंचवटा उमटला, तर ते वेगळे आहेत.

तिसरी पायरी: एकेका बीजाणूचे संवर्धन

आपण पिशवीत वाढवतो ते कवकजाल द्विकेंद्रकी असते, म्हणजे त्याच्या प्रत्येक पेशीत दोन जनकांकडून आलेली दोन केंद्रके शेजारी शेजारी नांदत असतात. बीजाणू रुजून येणारे कवकजाल एककेंद्रकी असते आणि संकर अशा दोन एककेंद्रकी कवकजालांचा करायचा असतो. उतिसंवर्धनाने आहे तोच वाण जसाच्या तसा मिळतो, त्यातून नवे काही निघत नाही. नवशिक्याचा सर्वाधिक गोंधळ नेमका येथे होतो.

माध्यम नेहमीचेच: २०० ग्रॅम बटाट्यांचा उकळून गाळलेला अर्क, २० ग्रॅम डेक्स्ट्रोज आणि २० ग्रॅम अगर, पाणी घालून एकूण १ लिटर. पंधरा पौंड दाबाला, म्हणजे १२१ अंशांना, २० मिनिटे पुरतात. घरगुती कुकर वापरत असाल, तर शिट्टी अधूनमधूनच होईल इतकी आच मंद ठेवून ३० मिनिटे मोजावीत. लॅमिनार फ्लो (गाळलेल्या स्वच्छ हवेचा कप्पा) नसेल तर पारदर्शक प्लॅस्टिकच्या मोठ्या डब्याला हात जाण्यापुरती दोन भोके पाडून त्यात काम करावे. काम सुरू करण्याच्या अर्धा तास आधी कूलर आणि पंखा बंद करायलाच हवा. उन्हाळ्यात हे जिवावर येते, हे मान्य आहे; परंतु कूलरच्या ओल्या गवतात हिरव्या बुरशीचे कायमचे बिऱ्हाड असते आणि तिचे बीजाणू थेट प्लेटवर येतात. मी एप्रिल-मे महिन्यांत हे काम पहाटे उरकतो.

छत्रीची खालची, छिद्रांची बाजू निर्जंतुक ॲल्युमिनियम फॉइलवर टेकवून २४ ते ४८ तास झाकून ठेवली की तपकिरी पूड जमा होते. त्यातील चिमूटभर पूड १० मिलिलिटर निर्जंतुक पाण्यात मिसळावी. त्यातले १ मिलिलिटर दुसऱ्या नळीतल्या ९ मिलिलिटर पाण्यात, तिच्यातले १ मिलिलिटर तिसऱ्या नळीत, असे चार-पाच वेळा विरळ करत जावे आणि शेवटच्या नळ्यांपैकी प्रत्येकीतले ०.१ मिलिलिटर वेगळ्या प्लेटवर पसरावे. एका प्लेटवर २० ते ५० सुट्या वसाहती उगवतील अशी विरळता आपल्याला हवी असते.

गॅनोडर्माच्या बीजाणूला दुहेरी कवच असते आणि तो रुजण्याच्या बाबतीत हट्टी असतो. धिंगरीचे बीजाणू काही दिवसांत रुजतात; गॅनोडर्माला कित्येक आठवडे लागू शकतात आणि रुजणाऱ्यांचे प्रमाणही थोडेच असते. म्हणून ही पायरी आणि पुढची पायरी आधी एकदा धिंगरीवर करून पाहावी. दोघींची लैंगिक रचना एकाच प्रकारची असल्याने हात बसतो आणि झालेली चूक महिन्याभरात लक्षात येते.

एकेक वसाहत सुईने उचलून वेगळ्या प्लेटवर घ्यावी, वाढू द्यावी आणि तिच्या कोवळ्या कडेचे धागे सूक्ष्मदर्शकाखाली ४०० पट मोठे करून पाहावेत. द्विकेंद्रकी धाग्यांच्या आडव्या पडद्यांपाशी बाहेरून कडी घातल्यासारखा छोटा फुगवटा असतो, त्याला क्लॅम्प म्हणतात. क्लॅम्प दिसले तर ते कवकजाल एकाहून अधिक बीजाणूंपासून आलेले आहे असे समजून टाकून द्यावे. गॅनोडर्माच्या जुन्या धाग्यांवर क्लॅम्प सहजी सापडत नाहीत, म्हणून कोवळ्या कडेचाच आग्रह धरावा आणि एकाच ठिकाणी पाहून निर्णय देऊ नये. प्रत्येक जनकाची आठ ते दहा खात्रीची एककेंद्रकी संवर्धने जमली की पुढे जावे. त्यातील अगदी मरतुकडी गाळावीत, पण सर्वांत वेगवान तीच ठेवू नयेत. एकटे असताना मंद वाढणारे कवकजाल जोडी जमल्यावर उत्तम निघू शकते.

चौथी पायरी: जोड्या लावणे

गॅनोडर्मात जोडी जमणे अ आणि ब अशा दोन स्वतंत्र घटकांवर अवलंबून असते आणि दोन्ही घटक भिन्न असतील तरच जोडी पूर्णपणे जमते. एकाच छत्रीच्या बीजाणूंचे चार प्रकार पडतात: अ१ब१, अ२ब२, अ१ब२ आणि अ२ब१. त्यामुळे सख्ख्या भावंडांच्या यादृच्छिक जोड्यांपैकी सुमारे चौथा हिस्साच जमतो. जनक पूर्णपणे वेगळे असतील, तर या घटकांची रूपे निसर्गात विपुल असल्याने बहुतेक सर्व जोड्या जमतात. दोन्ही जनकांत अ घटकाचे एखादे रूप समान निघाले, तर जमणाऱ्या जोड्या सुमारे ७५ टक्क्यांवर येतात. म्हणजे किती जोड्या जमल्या यावरूनच जनकांचे नाते किती दूरचे आहे, याचा अंदाज बांधता येतो.

एका जनकाची आठ आणि दुसऱ्याची आठ अशी ६४ जोड्यांची चौकट आखावी. प्रत्येक जोडीचे साधारण ५ मिलिमीटरचे तुकडे प्लेटच्या मध्याजवळ दीड-दोन सेंटिमीटर अंतरावर ठेवावेत. कवकजाले भेटल्यावर आठ-दहा दिवस थांबून भेटीच्या रेषेपासून दूर, दोन्ही बाजूंच्या कडेचे धागे तपासावेत. जिथे क्लॅम्प दिसतील तिथला तुकडा नव्या प्लेटवर घ्यावा; तो आपला संकर.

प्लेटवरचे नाव झाकणावर लिहू नये, बुडावर लिहावे. हे सांगण्याजोगे वाटत नाही, पण मी पहिल्या वर्षी झाकणांवरच क्रमांक घातले होते. फ्रीजमधला दव पुसण्यासाठी घरातल्या कोणीतरी सदिच्छेने सगळी झाकणे काढून पुसून परत बसवली आणि चाळीस जोड्यांचे आईबाप कायमचे हरवले. त्या प्लेटमधले काही संकर दिसायला फार सुरेख होते, पण ते पुन्हा कसे घडवायचे हे सांगता येत नसल्याने उकळून फेकावे लागले.

कॉर्डिसेप्स मिलिटॅरिसविषयी नेहमी विचारणा होते, म्हणून दोन शब्द. ही बुरशी वेगळ्या गटातली आहे. तिच्यात दोनच लैंगिक प्रकार असतात, ते पीसीआर या डीएनए चाचणीने ओळखावे लागतात आणि क्लॅम्प नसल्यामुळे वर सांगितलेली सूक्ष्मदर्शकाची सोय तिथे उपयोगी पडत नाही. कॉर्डिसेपिन हा तिचा घटक १९५० मध्येच वेगळा काढला गेला आणि तिचा भावही चांगला आहे, पण फळधारणेला १८ ते २२ अंश तापमान लागते. नागपुरात मे महिन्यात ते राखण्याचे वीजबिल आणि वारंवार पुनर्लागवडीने वाण खालावण्याची तिची खोड, दोन्ही लक्षात घेता पहिल्या प्रकल्पासाठी ती योग्य नाही. अतिनील किरणांनी उत्परिवर्तन घडवणे आणि प्रोटोप्लास्ट (भित्तिका काढलेल्या पेशी) जुळवणे हे मार्गही प्रयोगशाळेसाठी सोडून द्यावेत.

पाचवी पायरी: चाळणी

साठ संकर पिशव्यांत वाढवून पाहणे घरगुती शेडला झेपणारे नाही, म्हणून पहिली चाळणी प्लेटवरच लावावी. थर्माकोलच्या तीन पेट्या, प्रत्येकीत एक बल्ब आणि थर्मोस्टॅट, अशी व्यवस्था थंडीच्या दिवसांत करावी, म्हणजे २५, ३० आणि ३५ अंश ही तिन्ही तापमाने फारशा खर्चाविना राखता येतात. प्रत्येक संकराच्या आणि दोन्ही जनकांच्या प्रत्येकी तीन प्लेट तिन्ही पेट्यांत ठेवून रोज ठराविक वेळी वाढीचा व्यास मोजावा. बहुतेक वाण ३० अंशांना धावतात आणि ३५ च्या पुढे झपाट्याने मंदावतात. आपल्याला हवा तो संकर ३५ ला जनकांपेक्षा स्पष्टपणे पुढे असेल. जेमतेम एक-दोन मिलिमीटरचा फरक हा बल्बच्या जवळ असण्यानेही पडतो, त्याला भुलू नये. येथे साठातले चार किंवा पाच ठेवून बाकीचे बाजूला काढावेत. हात धजावत नाही, तरीही.

त्यानंतर पिशव्या. निवडलेले संकर, दोन्ही जनक आणि बाजारातील एक प्रचलित वाण यांच्या प्रत्येकी किमान दहा पिशव्या कराव्यात. आंब्याच्या लाकडाचा भुसा ८० टक्के आणि गव्हाचा कोंडा २० टक्के, ओलावा ६० ते ६५ टक्के, सामू (पीएच) जुळवण्यासाठी थोडे जिप्सम आणि कॅल्शियम कार्बोनेट, हे मिश्रण बहुतेक वाणांना मानवते. आरागिरणीतून आणलेल्या भुश्यात सागवान मिसळलेले नाही ना, हे विचारून घ्यावे, कारण सागाच्या लाकडातील नैसर्गिक द्रव्ये बुरशीला रोखतात आणि आपल्याकडे साग सर्वत्र असतो. पऱ्हाटीचा भुगा स्वस्त मिळतो, तो पुढच्या टप्प्यावर जरूर वापरून पाहावा, मात्र वाणांची तुलना चालू असताना माध्यम बदलू नये. एक किलोच्या पिशव्या १२१ अंशांना दीड ते दोन तास निर्जंतुक कराव्यात. स्पॉन गव्हावर किंवा ज्वारीवर, पण सर्व वाणांचे एकाच धान्यावर आणि एकाच वयाचे असावे.

पिशव्यांच्या जागा चिठ्ठ्या टाकून ठरवाव्यात. टिनाच्या छपराखालची वरची फळी खालच्या फळीपेक्षा बरीच तापते. लाडका संकर नकळत खालच्या गार फळीवर ठेवला गेला, तर त्याचे यश हे फळीचे यश असते. शिवाय वाढत्या कवकजालाची स्वतःची उष्णता असते आणि पिशवीच्या पोटातले तापमान खोलीपेक्षा काही अंशांनी जास्त राहते, म्हणून तापमापी एका पिशवीत खुपसून ठेवावा. कवकजाल पसरल्यावर ८५ ते ९५ टक्के आर्द्रता द्यावी. हवा कोंडली तर गॅनोडर्मा शिंगांसारखी लांबट वाढते आणि हवा खेळती ठेवली की छत्री धरते. तुलनेतल्या सर्व पिशव्यांना हवा एकाच बेताने द्यावी. एक चाचणी एप्रिल-मे महिन्यांत आणि दुसरी जुलै-ऑगस्टमध्ये घ्यावी, कारण एकाच ऋतूत जिंकलेला वाण दुसऱ्या ऋतूत हरू शकतो.

सहावी पायरी: मोजमाप

काढणी सर्व वाणांची एकाच अवस्थेत, म्हणजे छत्रीची पांढरी कड तपकिरी होताच करावी. वजन ताजे आणि सुकवलेले, दोन्ही नोंदवावे. सुकवण ५० अंशांना, वजन स्थिर होईपर्यंत. किलोभर ओल्या पिशवीत ६५ टक्के ओलावा असेल तर कोरडे माध्यम ३५० ग्रॅम होते आणि तिच्यातून ७० ग्रॅम ताजे उत्पादन मिळाले तर जैविक कार्यक्षमता, म्हणजे कोरड्या माध्यमाच्या तुलनेत ताजे उत्पादन, २० टक्के. दूषित झालेल्या पिशव्याही मोजाव्यात. त्या वगळून काढलेली सरासरी फसवी असते.

घटकांच्या तपासणीसाठी प्रत्येक वाणाच्या तीन वेगवेगळ्या पिशव्यांतील सुके नमुने, नावाऐवजी केवळ क्रमांक घालून, एकाच वेळी एकाच प्रयोगशाळेत द्यावेत. एकूण बहुशर्करा फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धतीने मोजता येते. ट्रायटर्पिनॉइडसाठी एचपीएलसी, म्हणजे घटक वेगळे करून मोजणारी यंत्रपद्धत, अधिक विश्वासार्ह. नागपूर विद्यापीठाच्या औषधनिर्माणशास्त्र विभागात किंवा शहरातील फार्मसी महाविद्यालयांत पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पाच्या निमित्ताने हे जमू शकते का, याची चौकशी जरूर करावी.

सातवी पायरी: जपणूक आणि पुढची व्यवस्था

निवडलेल्या संकराची मूळ संवर्धने त्याच दिवशी दहा तिरप्या नळ्यांत घालून ४ अंशांना ठेवावीत आणि स्पॉनसाठी त्यांच्यापासून केलेल्या प्रतीच वापराव्यात. निर्जंतुक पाण्यात बुडवलेले माध्यमाचे तुकडे हा आणखी एक स्वस्त आणि टिकाऊ साठा होतो. प्रत्येक नळीवर पुनर्लागवडीचा क्रमांक लिहावा आणि तो पाच-सहाच्या वर गेला की मूळ नळीकडे परतावे. वर्षातून एकदा काही पिशव्या भरून फळधारणा पहिल्यासारखीच आहे ना, हे तपासावे. फ्रीज बंद पडण्याचे दिवस आपल्याकडे नेमके वादळी पावसाच्या सुरुवातीला येतात, म्हणून एक संच दुसऱ्याच्या घरी ठेवावा आणि वाण खरोखर चांगला ठरला तर पुण्याच्या राष्ट्रीय बुरशी संग्रहात किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या सूक्ष्मजीव संग्रहात जमा करावा.

विक्री करताना वेष्टनावर आजार बरा होण्याचा दावा लिहू नये. आक्षेपार्ह जाहिरातींविषयीचा १९५४ चा कायदा आणि पूरक आहारासंबंधीचे एफएसएसएआयचे (भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाचे) सध्याचे नियम आधी वाचून घ्यावेत. छत्र्या पिकल्यावर शेडमध्ये उडणारी तपकिरी पूड दम्याचा त्रास वाढवू शकते, त्यामुळे मास्क लावल्याशिवाय आत जाऊ नये. वापरून झालेल्या पिशव्या मात्र खत म्हणून संत्र्याच्या बागेत किंवा घरच्या झाडांच्या बुंध्याशी टाकू नयेत. गॅनोडर्मा ही झाडांची मुळे कुजवणारी बुरशी आहे आणि आपण तर तिचा उन्हाळ्यातही न थांबणारा वाण निवडलेला असतो. पिशव्या पुन्हा वाफवून घ्याव्यात किंवा जाळून टाकाव्यात.